सांगण्याची मुभा

ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी फोन हाती घेतलेल्यांचे प्रमाण ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी घेतलेल्यांचे ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांपैकी ६२ टक्क्यांना नकोशा माणसाला 'ब्लॉक' कसे करावे किंवा त्याच्या खात्याविरुद्ध तक्रार कशी करावी हे ठाऊक होते, आणि आपले खाते 'प्रायव्हेट' कसे करावे, म्हणजे आपण परवानगी दिलेल्यांनाच ते दिसेल अशी व्यवस्था कशी करावी, हे ५५ टक्क्यांना. याचा अर्थ असा, की दहापैकी चार-साडेचार मुले दाराला कडी कशी लावतात हे न शिकताच त्या घरात राहायला गेली आहेत.

हे अज्ञान अर्थात तासाभरात दूर करता येते, आणि ते दूर करणारी पत्रके व शाळांमधील व्याख्याने आता पुष्कळ झाली आहेत. त्यांत सहसा न येणारा प्रश्न निराळा आहे, तो असा, की मुलावर ऑनलाइन जगात एखादा प्रसंग ओढवलाच, तर ते मूल त्याच दिवशी घरातील कोणाला तरी सांगेल की नाही. पुढील विवेचनात कायदा, तंत्र आणि घर या तिन्हींचा विचार येईल. परंतु त्या तिन्हींची परिणामकारकता शेवटी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

धोक्यांचे स्वरूप समजून घेण्यासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सोनिया लिव्हिंगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली चौपदरी मांडणी उपयोगी पडते. पहिला धोका आशयाचा, म्हणजे मुलाच्या नजरेस पडू नये असे काही पडण्याचा. दुसरा संपर्काचा, म्हणजे वाईट हेतूने कोणी मुलापर्यंत पोहोचण्याचा. तिसरा वर्तनाचा, ज्यात मुलेच एकमेकांना त्रास देतात. चौथा कराराचा, म्हणजे एखादी सेवा 'फुकट' वापरताना मुलाकडून नकळत दिली जाणारी माहिती, पैसा आणि वेळ यांचा. आपल्याकडील पालकांची चिंता बहुतांशी पहिल्या प्रकाराभोवती फिरते, कारण तो डोळ्यांना दिसतो. तिसऱ्या प्रकाराकडे 'पोरांची भांडणे' म्हणून दुर्लक्ष होते, चौथ्याची जाणीव बँकेचा संदेश आल्यावर होते, आणि दुसरा, जो सर्वांत घातक, तो घरात कोणाला दिसतच नाही.

न दिसणाऱ्या धोक्यावर बंदी हा पहिला सुचणारा उपाय असतो. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल-वापरावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. या दोन्ही गावांची नावे एका दमात घेतली जात असली, तरी त्यांच्या उपायांत मूलभूत अंतर आहे. पहिल्या ठिकाणी बंदी फक्त मुलांवर आहे, तर दुसऱ्या ठिकाणी भोंगा थोरांसाठीही वाजतो, आणि ज्या दीड तासात वडिलांच्या हातातही फोन नसतो त्या दीड तासात मुलाला बोलायला माणूस मिळतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. मात्र तेथील कायद्यात दंडाची तरतूद कंपन्यांसाठी आहे, मुलासाठी किंवा पालकासाठी नाही. नियम मोडल्याची शिक्षा मुलालाच होणार असेल, तर नियम मोडून वापरलेल्या खात्यावर आलेल्या संकटाविषयी ते मूल अवाक्षर काढणार नाही, ही साधी गोष्ट त्या कायद्याच्या कर्त्यांनी ध्यानात घेतलेली दिसते.

संपर्काच्या धोक्याची रीत पुरेशा तपशिलाने समजून घेणे आवश्यक आहे, कारण 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' एवढ्या सूचनेने तो टळत नाही. मुलाचा विश्वास पद्धतशीरपणे संपादन करून त्याचे लैंगिक शोषण करण्याची पूर्वतयारी करणे, याला 'ग्रूमिंग' असे म्हणतात. असा माणूस फार काळ अनोळखी राहतच नाही. एखाद्या खेळातील गप्पांच्या खिडकीत किंवा रीलखालच्या प्रतिक्रियांमध्ये तो प्रथम भेटतो, मुलाच्या वयाचाच असल्याचे भासवतो किंवा समजूतदार दादा-ताई होतो, खेळातील नाणी भेट देतो, परीक्षेची चौकशी करतो, आणि घरात कोणी ऐकून घेत नाही ही त्या वयातील सार्वत्रिक तक्रार मन लावून ऐकतो. यानंतर संभाषण सार्वजनिक ठिकाणाहून खासगी ॲपवर नेले जाते, 'हे आपल्यातच राहू दे' असे वचन घेतले जाते, आणि मग छायाचित्राची मागणी येते, जी सुरुवातीला अगदी निरुपद्रवी असते. या साऱ्या प्रवासाला कधी काही महिने लागतात, कधी एक संध्याकाळही पुरते. खासगी ॲपवर चलण्याचा आग्रह आणि गुपित राखण्याची अट, या दोन खुणा मात्र बहुतेक वेळा आढळतात. त्यामुळे मुलाला माणसांच्या याद्या पाठ करायला लावण्यापेक्षा या दोन खुणा ओळखायला शिकवणे अधिक फलदायी ठरते.

याच प्रकाराचे अलीकडे वाढलेले रूप म्हणजे 'सेक्सटॉर्शन', अर्थात खासगी छायाचित्र किंवा चित्रफीत सर्वांना पाठवण्याची धमकी देऊन खंडणी उकळणे. पैशासाठी केल्या जाणाऱ्या या गुन्ह्याचे लक्ष्य पुष्कळदा किशोरवयीन मुलगे असतात, ही बाब अनेक पालकांना धक्कादायक वाटते. एखाद्या मुलीच्या नावाच्या खात्यावरून मैत्रीची विनंती येते, व्हिडिओ कॉल होतो, पलीकडे आधीच चित्रित केलेली फीत चालू असते, अलीकडचे दृश्य टिपले जाते, आणि काही मिनिटांत मुलाच्या मित्रांची व नातेवाइकांची यादी त्याच्यासमोर टाकून रक्कम मागितली जाते. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. आता तर मुलाने काहीही पाठवलेले नसले तरी चालते. समाजमाध्यमावरील साध्या छायाचित्रातला चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दुसऱ्या शरीरावर बसवून तीच धमकी देता येते.

धमकी देणारा जे विकतो ते छायाचित्र नव्हे, तर घरच्यांना कळण्याची भीती होय. ही भीती त्याने निर्माण केलेली नसते. ती घरात आयती असते. ज्या घरात एका गैरसंदेशाची तक्रार केल्यावर मुलीचाच फोन काढून घेतला गेला, तिचा क्लास बंद झाला किंवा 'स्थळ बघायला' लागण्याची भाषा सुरू झाली, त्या घरातील धाकटी बहीण पुढे काय सांगणार, हे उघड आहे. मुलग्यांच्या बाबतीत शिक्षेची जागा लाज घेते. मुलगा असून फसलास कसा, हा प्रश्न त्याला न विचारताही ऐकू येतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे सूत्र घराण्याच्या अब्रूसाठी वापरले जात असले, तरी अशा प्रसंगी त्याचा लाभ पूर्णपणे खंडणीखोराला मिळतो, कारण ती मूठ झाकलेली राहावी यासाठीच तो पैसे घेत असतो.

म्हणून पालकांनी द्यावयाचे पहिले संरक्षण हे एक वचन आहे, आणि ते प्रसंग घडण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत दिलेले असले पाहिजे. 'काही झाले तर सांग' हे वाक्य पुरेसे नाही, कारण सांगितल्यावर काय होईल याचा उल्लेख त्यात नाही. चूक मुलाची असली तरी, त्याने स्वतः छायाचित्र पाठवलेले असले तरी, खोटे वय टाकून खाते उघडलेले असले तरी, सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही, शाळा सुटणार नाही आणि त्या दिवशी ओरडा बसणार नाही, इतक्या बारकाईने ते बोलले गेले तरच मुलाच्या दृष्टीने त्याला अर्थ येतो. ते पाळणे अवघड आहे, हे खरेच. रात्री अकरा वाजता असे काही कानावर आल्यावर शांत राहणे कोणत्याही आईवडिलांना सहज जमणारे नाही. ज्या घरात ते जमण्यासारखे नाही, तेथे मावशी, आत्या, मोठी चुलतबहीण किंवा शाळेतील एखाद्या बाई यांपैकी कोणाला सांगितले तरी चालेल, हे मुलाला आधीच मोकळेपणाने सांगून ठेवण्यात पालकांचा कमीपणा नाही. संवादाची सुरुवातही उपदेशाने करण्याची गरज नसते. मूल कोणता खेळ खेळते, त्यात बोलणारे इतर कोण आहेत, हे त्यालाच दाखवायला सांगितले तर अनेक गोष्टी न विचारता समोर येतात.

तंत्राच्या सोयींचे स्थान यानंतरचे आहे. ते गौण नाही, मर्यादित आहे. गूगलचे 'फॅमिली लिंक' आणि ॲपलचे 'स्क्रीन टाइम' यांच्या साहाय्याने पालकांना मुलाच्या उपकरणावर कोणते ॲप घ्यायचे, किती वेळ वापरायचे आणि रात्री ते केव्हा बंद व्हावे हे ठरवता येते. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये आणलेल्या 'टीन अकाउंट' या व्यवस्थेत १८ वर्षांखालील मुलांचे खाते आपोआप प्रायव्हेट राहते, मूल ज्यांच्याशी जोडलेले आहे त्यांनाच त्याला संदेश पाठवता येतो, आणि १६ वर्षांखालील मुलाला ही बंधने सैल करण्यासाठी पालकांची परवानगी लागते. भारतात ही व्यवस्था २०२५ मध्ये लागू झाली. व्हॉट्सॲपवर आपल्याला गटात कोण सामील करू शकते हे 'सर्वजण' ऐवजी 'माझे संपर्क' असे बदलून ठेवणे हा दोन मिनिटांचा उपाय बराच त्रास वाचवतो. परंतु यांपैकी बहुतेक सोयी मुलाने खरे वय सांगितले आहे या गृहीतावर उभ्या आहेत. समाजमाध्यमांवर सर्रास दिसणारी १३ वर्षांची अट हीसुद्धा बालमानसशास्त्राच्या एखाद्या निष्कर्षातून आलेली नसून, १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करण्यास मनाई करणाऱ्या १९९८ च्या एका अमेरिकी कायद्यातून आलेली आहे.

शिवाय या सोयी एक फोन एका व्यक्तीचा असतो असे समजून रचलेल्या आहेत. आपल्याकडील असंख्य घरांत फोन आईचा असतो, त्यावर बँकेचे ॲप असते, शाळेचा गट असतो, आणि सायंकाळनंतर तो दोन भावंडांत वाटला जातो. अशा घरांत पैसे पाठवण्याचा पिन मुलांना ठाऊक नसणे, ॲप-खरेदीला प्रत्येक वेळी पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करणे, आणि मुलांसाठी फोनवर वेगळे 'युजर प्रोफाइल' उघडता येत असल्यास ते उघडणे, हे उपाय पालक-नियंत्रणाच्या मोठ्या ॲपपेक्षा उपयोगी पडतात. खेळातून पैसा जाण्याच्या बाबतीत २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर देशभर बंदी आणली असली, तरी खेळातील पोशाख, शस्त्रे आणि नशिबाच्या पेट्या यांची खरेदी ही निराळी गोष्ट असून तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम घराकडेच राहिले आहे.

मुलाच्या नकळत त्याचे सर्व संदेश वाचून दाखवणारी हेरगिरीची ॲपही बाजारात मिळतात. लहान मुलाच्या उपकरणावर उघड नियंत्रण ठेवणे आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर गुप्तपणे पाळत ठेवणे या दोहोंत फरक केला पाहिजे. कारण दुसरी गोष्ट उघडकीस आली, आणि ती येतेच, की मूल दुसरे खाते उघडते किंवा मित्राचा फोन वापरू लागते, आणि जे थोडे सांगत होते तेही थांबते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला मूल मानले आहे. मुलाच्या माहितीवर कोणतीही प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे या कायद्याने बंधनकारक केले असून मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीच्या तरतुदीच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. ही तरतूद स्वागतार्ह असली, तरी ज्या घरात वडिलांच्या फोनवरील प्रत्येक 'मान्य आहे' हे बटण मुलगीच दाबून देते, तेथे संमती नेमकी कोणाची, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत सुटणारा नाही.

मुलांची माहिती उघड करणाऱ्यांत पालकही मागे नसतात, हेही नमूद करणे भाग आहे. शाळेच्या गणवेशातील पहिल्या दिवसाचे छायाचित्र, वाढदिवसाच्या केकवरील वय, क्लासच्या फलकासमोरील अभिनंदन, एवढ्यातून मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा आणि येण्याजाण्याची वेळ कोणालाही जुळवता येते.

वर्तनाच्या धोक्याविषयी बोलताना आपले मूल बळीच असेल असे सारेच पालक धरून चालतात. वर्गातील मुलीचे छायाचित्र बदलून गटात टाकणारा मुलगाही कोणाचा तरी असतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार मुलांचे लैंगिक चित्रण तयार करणे व पाठवणे याबरोबरच ते शोधणे, पाहणे किंवा उतरवून घेणे हाही गुन्हा असून पहिल्या अपराधाला पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात, असे साहित्य फक्त स्वतःजवळ ठेवणे व पाहणे हा गुन्हा नाही ही मद्रास उच्च न्यायालयाची भूमिका फेटाळून लावली. गुन्हा करणारा १८ वर्षांखालील असेल, तर त्याचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळापुढे जाते. 'मी फक्त फॉरवर्ड केले' हा बचाव नाही, हे मुलांना शाळेत कोणी सांगण्याआधी घरी सांगितले गेले पाहिजे.

प्रसंग ओढवल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पालकांच्या हातून दोन चुका हमखास होतात. संतापाच्या भरात सारे पुसून टाकले जाते, किंवा 'पुरावा' म्हणून ते छायाचित्र काका-मामांना पाठवले जाते, आणि हा दुसरा प्रकार वर सांगितलेल्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. योग्य मार्ग असा, की पैसे देऊ नयेत, धमक्यांच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्यावेत, समोरच्या खात्याचे नाव व दुवा, फोन क्रमांक, यूपीआय ओळख आणि व्यवहार झाला असल्यास त्याचा क्रमांक टिपून ठेवावा, त्यानंतरच खाते ब्लॉक करावे, आणि छायाचित्र कोठेही न पाठवता फोनच पोलिसांकडे न्यावा. पैसे गेले असल्यास सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी ती रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी, जिचा प्रारंभ १९९६ मध्ये मुंबईत झाला, चोवीस तास चालू असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर मुलांच्या लैंगिक चित्रणाविषयीची तक्रार नाव न देताही करता येते.

पसरलेले छायाचित्र काढून टाकण्याचे काम पोलिस तपासाच्या समांतर चालू शकते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्नता किंवा बदललेली छायाचित्रे यांविषयी बाधित व्यक्तीची तक्रार आल्यास समाजमाध्यम कंपन्यांना तो आशय हटवण्यासाठी सुरुवातीला २४ तासांची मुदत घालून दिली होती. अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेली 'टेक इट डाउन' ही विनामूल्य सेवा निराळ्या तऱ्हेने काम करते. ती छायाचित्रापासून 'हॅश', म्हणजे आकडे व अक्षरे यांची त्या छायाचित्रापुरती ठरलेली एक ओळ, तयार करते. छायाचित्र मुलाच्या उपकरणातून बाहेर जात नाही, फक्त ती ओळ सहभागी कंपन्यांना मिळते आणि तिच्याशी जुळणारे चित्र त्यांना आपल्या जागेवर शोधता येते. कूटबद्ध खासगी संदेशांपर्यंत तिचा हात पोहोचत नाही, आणि चित्रात फेरफार झाल्यास ओळही बदलते. तरीही, आपले चित्र कोणालाही न दाखवता काही करता येते, ही जाणीव त्या अवस्थेतील मुलासाठी लहान नाही.

पोलिस ठाण्याची भीती हा तक्रारीतील शेवटचा आणि बहुधा सर्वांत मोठा अडथळा असतो. २०१२ च्या बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या, म्हणजे पोक्सो, कायद्याने त्याचा विचार केलेला आहे, परंतु तो पालकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. या कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते सांगेल त्या ठिकाणी घ्यावयाचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश असता कामा नये. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही, आणि त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास माध्यमांना मनाई आहे. जबाब नोंदवताना पालकांनी, अथवा मुलाचा ज्या व्यक्तीवर विश्वास आहे तिने, हजर असावे असे कलम २६ सांगते. ती व्यक्ती आई-वडीलच असली पाहिजे असे कायदा म्हणत नाही.